थंडीच्या दिवसांतील सावड

लहान शेतावर हात मोजकेच असतात, पण जनावरांची भूक, गोठ्याची स्वच्छता, कुंपणाची डागडुजी आणि झाडांची निगा ही कामे काही त्या मानाने कमी होत नाहीत. हिवाळ्यात दिवस आखूड झाला की ही तफावत सर्वांत जास्त जाणवते, कारण उजेडात उरकायची कामे तेवढीच राहतात आणि उजेड मात्र उशिरा येऊन लवकर निघून जातो. आमच्या आणि आसपासच्या अशा चार घरांनी काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातील बरीचशी कामे सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून, करायला सुरुवात केली, आणि आता एकट्याच्या बळावर हा ऋतू निभावण्याची कल्पनाही मला करवत नाही.

सकाळचे पहिले काम पाण्याचे. रात्रभर उघड्यावर राहिलेले बर्फासारखे गार पाणी गाय तोंड लावून सोडून देते, आणि पाणी कमी प्यायले की चाराही कमी खाल्ला जातो, पाठोपाठ दूधही उतरते. म्हणून हौदावरचा पातळ बर्फ फोडून भागत नाही; निदान दुभत्या आणि गाभण जनावरांना कोमट पाणी देणे हे थंडीतील सर्वांत फायद्याचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. चाऱ्याचेही तसेच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते तेव्हा उष्णता तयार होते आणि भरड, धागेदार चाऱ्यातून ही ऊब बराच वेळ मिळत राहते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत संध्याकाळच्या गव्हाणीत वाळलेले गवत जरा सढळ हाताने टाकावे. जनावर कोरडे ठेवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण दाट केसांत अडकलेली हवा त्याला थंडीपासून वाचवते आणि केस भिजून अंगाला चिकटले की ते संरक्षण जवळजवळ नाहीसे होते.

याच दाट केसांमुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे जनावराचा उतरत चाललेला बांधा. लांबून पाहिले तर गाय धष्टपुष्ट दिसते, पण बोटे केसांत रुतवून बरगड्यांवर दाबली की मांस किती आणि हाड किती हे कळते. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हा हळूहळू होणारा बदल दिसत नाही, म्हणून आम्ही दर पंधरवड्याला एकमेकांच्या गोठ्यात जाऊन एकमेकांची जनावरे हाताने तपासतो. शेजारच्या काकांनी आमच्या म्हाताऱ्या शेळीच्या कण्यावरून हात फिरवून, “हिचे दात बघ, ही चघळते आहे पण गिळत नाही,” असे सांगितले नसते, तर ती पोटभर चारा समोर असूनही खंगत राहिली असती. तेव्हापासून तिला बारीक चिरलेला, भिजवलेला चारा वेगळा मिळतो आणि ती पुन्हा अंग धरू लागली आहे.

गोठ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. थंडी वाढली की प्रत्येकाला फटी बुजवाव्याशा वाटतात, पण पूर्ण बंद केलेला गोठा थंड गोठ्यापेक्षा अधिक घातक असतो. जनावरांच्या श्वासातील ओल छताला लागून खाली ठिबकते, मूत्र आणि शेण यांतून अमोनिया सुटतो, आणि दमट, कोंदट हवेत फुप्फुसांचे आजार बळावतात. वारा थेट जनावराच्या अंगावर येऊ नये, मात्र छताखालच्या वरच्या झरोक्यांतून दमट हवा बाहेर पडत राहावी, एवढे साधले पाहिजे. त्याची परीक्षा सोपी आहे. उभ्याने वास घेण्यापेक्षा वासरू जिथे निजते तिथे, त्याच्या नाकाच्या उंचीवर खाली बसावे आणि काही क्षण तिथली हवा घ्यावी. डोळे चुरचुरले तर झरोके उघडावेत. त्याच जागी गुडघे टेकून पाहावे. कपडा ओला झाला तर अंथरुणावर पेंढ्याचा नवा थर हवा. जुना थर रोज उपसून न काढता त्यावर कोरडा पेंढा घालत गेले तर खालचा थर कुजताना थोडी ऊब देतो आणि हिवाळा संपल्यावर शेतासाठी चांगले खत तयार असते. हा पेंढा आम्ही चौघे मिळून एकदम आणतो, कारण वाहन एकाकडे आहे, कोरडी कोठी दुसऱ्याकडे, आणि गंजी नीट रचण्याचे कसब तिसऱ्या घरातील आजोबांकडे.

कोंबड्यांचे काम त्या मानाने थोडके असते. नियमित अंडी देण्यासाठी त्यांना साधारण 14 तास उजेड लागतो, त्यामुळे आखूड दिवसांत अंडी घटतात. काही जण दिवा लावतात, आम्ही मात्र त्यांना तेवढी विश्रांती मिळू देतो. मधमाश्यांच्या पेट्या तर थंडीत उघडतच नाही. आत माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळ्यासारख्या बसतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. झाकण उघडले तर ती सारी ऊब एका क्षणात निघून जाते. मध पुरेसा उरला आहे की नाही, हे पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून वजनावरून ओळखता येते.

दहिवर, म्हणजे पानांवर गोठणारे दव, पडण्याच्या रात्री मात्र कोणाचीच झोप पूर्ण होत नाही. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि थंड, जड हवा उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. हवामानाचा तापमापक माणसाच्या डोक्याच्या आसपासच्या उंचीवरचे तापमान दाखवतो, तेव्हा तो 2 किंवा 3 अंश दाखवत असतानाही जमिनीलगतची पाने गोठू शकतात. आमच्यापैकी एकांचे शेत सर्वांत खाली आहे, आणि तिथल्या वाफ्यांत दहिवर नेहमी आधी उतरते. त्या घरातील वहिनी अशा संध्याकाळी गवताच्या पात्याला हात लावून पाहतात आणि बाकीच्यांना फोनवर कळवतात. मग जो तो आपापल्या रोपांकडे धावण्याऐवजी आम्ही सारे आधी त्यांच्या शेतात जातो, कारण सर्वांत कमी वेळ त्यांच्याकडेच असतो. दिवसा वाफ्यांना पाणी दिलेले असेल तर बरे; ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते आणि रात्री ती सावकाश सोडते. काठ्या रोवून, कापड पानांना टेकणार नाही अशा बेताने चौघांनी चार टोके धरून आच्छादन घातले की एक लांब वाफा पाहता पाहता झाकून होतो. एकट्याने हेच करताना एक टोक दगडाखाली दाबेपर्यंत दुसरे निसटते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. सकाळी ऊन वर आल्यावर ही आच्छादने काढायला विसरू नये.

थंडीतल्या बाळंतपणांना तर माणसांची गरज सर्वांत जास्त. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा असल्यामुळे तारीख आधी मांडून ठेवता येते, पण नेमकी वेळ शेळीच ठरवते. यंदा आमची एक शेळी मध्यरात्रीनंतर व्याली आणि दुसरे करडू बाहेर आले ते गारठलेले, मान टाकलेले होते. मी शेजारच्या मावशींना हाक मारली. त्यांनी आल्या आल्या करडाच्या तोंडात बोट घातले, ते थंड लागले, आणि मी चीक पाजायला निघाले तेव्हा मला थांबवले. “आधी ऊब, मग दूध. गिळण्याचे बळ नसेल तर चीक छातीत जाईल,” असे म्हणून त्यांनी करडाला कोरड्या गोणपाटाने खसाखसा पुसले, स्वतःच्या शालीत गुंडाळून पोटाशी धरले आणि मला गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आणायला सांगितले. करडाचे तोंड कोमट झाले, ते बोट चोखू लागले, तेव्हा कुठे आम्ही आईचा चीक काढून थोडा थोडा पाजला. नवजात पिल्लाच्या आतड्यातून चिकातील प्रतिकारद्रव्ये शोषली जाण्याची क्षमता तासागणिक घटते आणि एका दिवसात ती संपल्यात जमा होते; त्यामुळे घाईही करायची असते आणि धीरही धरायचा असतो. तो मेळ मावशींना अनुभवाने साधला आहे, आणि तो मला त्यांच्या शेजारी बसूनच शिकता आला. नाळेला आयोडीन लावून, दोन्ही पिल्ले आचळाला लागलेली पाहूनच त्या घरी गेल्या.

संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर आम्ही आळीपाळीने एकेका घरी जमतो. गप्पा असतातच, पण हात रिकामे नसतात. कुणी कुदळीचे दांडे घासून त्यांना जवसाचे तेल लावते, कुणी कानशीने विळ्यांची धार काढते, तर आजोबा मुलांना घेऊन बियाणे निवडतात. घरचे बियाणे पेरण्याआधी त्याची उगवण पाहण्याचे काम मुलांना मनापासून आवडते. 100 बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, गोणपाट ओलसर ठेवायचे, आणि पिकानुसार ठरलेल्या दिवशी उघडून अंकुर मोजायचे; 70 उगवल्या तर पेरणी थोडी दाट करायची, फारच कमी उगवल्या तर ते बियाणे बाजूला काढून कोणाकडे जास्त आहे ते विचारायचे. चारपैकी एका तरी घरी ते निघतेच.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती प्रत्येक गोठ्याच्या दाराशी टांगलेली वही. कोणत्या जनावराला किती चारा, कोणाला औषध सुरू आहे, कोणती गाय लाथ मारते, पाण्याचा नळ कुठून बंद होतो, हे सारे तीत लिहिलेले असते. घरातील कोणी तापाने झोपले किंवा गावाला गेले तर दुसऱ्या घरातील माणूस ती वही वाचून काम पुढे चालवू शकतो. लहान शेतकऱ्याला हिवाळ्यात आजारी पडण्याची मुभा नसते, असे पूर्वी मी मानत असे. या वह्यांनी ती मुभा आम्हा सर्वांना मिळवून दिली.

पुढच्या आठवड्यात सखल शेतावरचे दादा आणि वहिनी एका लग्नाला जाणार आहेत आणि त्यांच्या गायी माझ्याकडे सोपवलेल्या आहेत. वहीत सगळे नीट लिहिलेले आहे, पण त्यांची तांबडी गाय अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून उद्यापासून दोन्ही वेळच्या धारांना मी वहिनींच्या शेजारी बसणार आहे, म्हणजे त्या निघेपर्यंत गाईला माझ्या हाताची सवय होईल.