पंप

काल रात्री आमचा पंप पुन्हा सुरू झाला. अख्ख्या विंगला आनंद. मी हादरलो तो तो बंद झाल्यावर.

महिनाभर टँकरवर काढला. कमिटीची कोटेशनं काही संपत नव्हती, आणि त्यावरून मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात भांडलो ते मीच. काल एकदाची मोटर दुरुस्त होऊन आली. साडेदहाला वॉचमनने बटण दाबलं, भिंतीतून ओळखीची घरघर सुरू झाली, सव्वाअकराला टाकी भरली आणि खट्ट. मग ती शांतता. माझा उजवा हात उशाखाली गेला.

मोबाईल तिथे नव्हता. एकादशीपासून तो रात्री स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. पण हे हाताला कोण सांगणार?

पाणी प्यायला म्हणून उठलो. असं निदान स्वतःला सांगितलं. ओट्यापाशी उभा राहिलो. बॅटरी 64 टक्के होती, म्हणजे हातात घेतलाच होता. तोंडाने 'राम कृष्ण हरी' चाललं होतं, पण त्यात भक्ती वगैरे काही नव्हती. लोकलमध्ये दिवा स्टेशनला उतरायचं नसताना लोंढा बाहेर ओढतो तेव्हा माणूस दांडा धरतो, तसं. मग ठेवला. आतून ही झोपेतच म्हणाली, "पाणी आलं का हो?" आलं म्हणालो.

काही घडलं नाही, हे खरं. पण हात गेला. एकादशीला अण्णांच्या हातून माळ घातली, आणि द्वादशीला मोटर जळली. मी आपला 31 दिवस नामाच्या जोरावर छाती काढून फिरत होतो. म्हणजे एवढे दिवस मला देवाने सांभाळलं की जळक्या मोटरीने? चाळिशी उलटलेला मास्तर, कपाळाला बुक्का, आणि पंप थांबला की पॉर्न आठवतं. कुणाला सांगायचं हे? डॉक्टरबाईंना सांगितलं होतं मागे. त्या म्हणाल्या, 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक यादीत याला व्यसन म्हणत नाहीत, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत धरतात. आणि नुसतं अपराधी वाटणं म्हणजे आजार नव्हे. बरं वाटलं होतं ऐकून. ही मात्र अजून... असो.

बी.एड.ला पावलोव्हवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं मी. खाण्याआधी रोज तोच आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजावर कुत्र्याला लाळ सुटते. 1904 चं नोबेल त्याला मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी, ही चलाख ओळही टाकली होती शेवटी. कुत्रा आपणच असू, हे तेव्हा कुठे डोक्यात होतं! पूर्वी पंप थांबला की घर झोपलं असं समजायचं आणि पांघरुणात उजेड करायचा. कितीतरी वर्षं.

पण त्याच धड्यात पुढे होतं ते आज शाळेत ऑफ तासाला आठवलं. आवाज करायचा आणि खाणं द्यायचं नाही, असं पुन्हा पुन्हा केलं तर लाळ आटते. मध्ये खंड पडला की पुन्हा थोडी सुटतेही. आणि आवाजच केला नाही, तर काहीच आटत नाही. कुत्रा नुसता वाट बघत बसतो. महिनाभर मी तेच केलं की! माळ होती, पण परीक्षाच झाली नव्हती.

येताना ठाण्याच्या तलावपाळीवरून कौपिनेश्वराच्या देवळात गेलो. कुणीतरी घंटा वाजवली, आणि नंदीपाशी फोनवर बोलत उभ्या असलेल्या माणसाचा एक हात आपोआप छातीशी गेला. बोलणं चालूच. हसू आलं. त्याच्या आजीने कधीतरी तो हात धरून तिथे नेला असेल. माझाही नेला होता. तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं, भक्ती आहे का रे तुझ्यात?

अण्णांना फोन केला. पंपाचं सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग मोटर चालू असतानाच माळ घे ना." म्हाताऱ्याने पावलोव्ह वाचलेला नाही.

हिशेब केला. टाकी भरायला पाऊण तास, माझी एक माळ सात मिनिटांची. सहा माळा बसतात. साडेदहाला घरघर सुरू झाली तशी वही मिटून बसलो होतो. आत्ता उठून हे लिहितोय. सहाव्या माळेत होतो, खट्ट झालं. आज तीन मिनिटं आधीच. सुटली थोडी लाळ, खोटं कशाला बोलू. हात मण्यावरच होता, पण कितवा मणी ते विसरलो. परत मेरुमण्यापासून.