फेस आला का?

भाचीने बंगळुरूहून पाकीट धाडलं. आत साबणाच्या वडीएवढा काळपट ठोकळा आणि सोबत चिठ्ठी: ‘मावशी, हा सेरेमोनिअल ककाओ, म्हणजे विधीपूर्वक प्यायचा कोको. ४० ग्रॅम घे, पाण्याला उकळी फुटू देऊ नकोस, पिताना फोन लांब ठेव आणि मनात एक संकल्प धर.’ संकल्प म्हटलं की मला पळी-पंचपात्र आठवतं. देश, काल, तिथी, गोत्र एवढं सगळं सांगून झाल्यावर ताम्हनात पाणी सोडायचं. इथे नुसतंच मनात धरायचं होतं.

सुरीने खरवडायला घेतला तर तो हाताच्या उबेनेच पाघळू लागला. कोकोचं सगळं लोणी त्यात तसंच असतं. डब्यातल्या पावडरीतून ते बरंचसं दाबून काढलेलं असतं. ती युक्ती हॉलंडमधली, १८२८ची. पेला भरला, डोळे मिटून बसले. चव कडू, जराशी आंबूस, वर तेलाचा तवंग. संकल्प काही सुचेना. ‘उद्या दळण टाकायचंय’ एवढंच मनात येत राहिलं. आणि रात्री दोनपर्यंत मी टक्क जागी! कोकोत थिओब्रोमिन हे कॅफिनसारखंच तरतरी आणणारं द्रव्य भरपूर, शिवाय थोडं कॅफिन. जेवणानंतर पेलाभर ढोसल्यावर दुसरं काय होणार?

जागरण फुकट कशाला घालवा, म्हणून वाचत बसले. मेणबत्त्या, रिंगण, मिटलेले डोळे हा जो विधी आता गोव्याच्या किनाऱ्यावरही होतो, त्याचं वय काही दशकांचंच. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, आतित्लान सरोवराकाठी, बाहेरून आलेल्या पाहुण्यांमध्ये तो रुजला. पेय मात्र जुनं. इक्वेडोरमध्ये ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडलेत. ग्वातेमालातच रिओ आसुल या प्राचीन नगराच्या थडग्यात मिळालेल्या, तिथल्या जुन्या माया लोकांच्या भांड्याला फिरकीचं झाकण आहे आणि वर चित्रलिपीत ‘काकाव’ असं लिहिलंय. आपण बरणीवर ‘हिंग’ लिहितो तसं.

पण खरी झोप उडवली ती अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या एका माया पेल्याने. आठव्या शतकाच्या आसपासचा पेला. त्यावर पाताळातला म्हातारा देव ऐसपैस बसलाय, भोवती बायका. खाली एक ससा चक्क पोथी लिहितोय. एका बाजूला कुणाचं तरी मुंडकं उडवायचं काम चाललंय. आणि या गदारोळात कडेला एक बाई उभी राहून भांड्यातून उंचावरून कोकोची धार सोडतेय. तिकडे मान उतरो नाहीतर राज्य बुडो, हिचं आपलं ओतणं चालू.

धार कशासाठी, तर फेसासाठी. या पेयाची सगळी इभ्रत फेसात. माझ्या पेल्यात फेसाचा थेंब नव्हता, आणि चिठ्ठीत त्याबद्दल अक्षर नव्हतं.

कोकोच्या बिया त्या मुलखात नाणी म्हणूनही चालत. मेक्सिकोतल्या त्लास्कालाच्या १५४५च्या दरपत्रकात टर्की पक्ष्याच्या चांगल्या मादीला १०० बिया, एका तामालेला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या मुटक्याला, १. साल पोखरून आत माती भरलेल्या खोट्या बियाही बाजारात फिरत. म्हणजे कोको पिणारा माणूस खिशातली चिल्लर पाट्यावर वाटून पीत होता! पाटा खरोखरच. ‘मेताते’ म्हणजे पायांचा दगडी पाटा. खाली निखारे ठेवायचे, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी बिया रगडायच्या, ऊब लागली की त्यांचं लोणी सुटतं. स्पॅनिश लोक आल्यावर उंचावरून ओतण्याच्या जागी लाकडी ‘मोलिनियो’ आला. त्याचं चित्र पाहून मी रात्री एकटीच हसले. अहो, ही तर रवी! तळहातांत धरून गरगर फिरवायची, तशीच.

(पुढे युरोपात पाद्री मंडळींत वाद रंगला, की चॉकलेटने उपास मोडतो का? सतराव्या शतकात एका कार्डिनलने, म्हणजे बड्या पाद्र्याने, निकाल दिला: पातळ पदार्थाने मोडत नाही. उपासाला साबुदाणेवडे तळणाऱ्यांनी यावर काय बोलावं?)

मेक्सिकोतल्या वाहाकाच्या बाजारात आजही बायका ‘तेहाते’ विकतात. भाजलेला मका, कोको, मामेय फळाची बी आणि एक सुवासिक फूल वाटून त्याचा गोळा करतात आणि मोठ्या मातीच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून थंड पाण्यात कालवतात. वर पांढुरका, जाड फेस धरतो. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत तो आधी वाढायचा. गिऱ्हाईक उभ्याउभ्या पितं, शेजारी भाजीचा भाव चाललेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात, मी पुन्हा वडी खरवडली. या वेळी चिमूटभर मिरचीपूड टाकली. मिरची तरी कुठली, त्याच मुलखातली, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेली. उंच पातेलं घेतलं आणि ताकाची रवी लावली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दंड भरून आले, ओट्यावर शिंतोडे उडाले, दळणाची आठवण एकदाही झाली नाही. बोटभर फेस आला. विटकरी, बारीक बुडबुड्यांचा, ओठांना चिकटणारा. सासूबाईंना दिला तर वास घेऊन म्हणाल्या, “औषध आहे का?” आणि बाजूला सारला.

रवी मी गरम पाण्याने दोनदा धुतली. पण लाकडाच्या खाचांत शिरलेलं कोकोचं लोणी सहजासहजी निघत नाही. दुपारी ताक झालं, सासूबाईंनी भातावर घेतलं, एक घास खाल्ला, थांबल्या.

“आज फोडणी जळली का गं?”

“नाही हो,” मी म्हटलं आणि रवी हळूच सिंकमध्ये टाकली.