शब्द शेपटाकडून वाचा

आज दिवसभर वैद्यकीय शब्दांची फोड. सर्वांत उपयोगी सवय म्हणजे शेवटच्या प्रत्ययापासून सुरुवात करणं. पेरिकार्डायटिस घ्या: आयटिस म्हणजे दाह, पेरि म्हणजे भोवती, कार्ड म्हणजे हृदय. झालं, हृदयावरणाचा दाह!

शब्दाचे तुकडे जोडणारा जोडस्वर 'ओ' मात्र नीट बघा. प्रत्यय स्वराने सुरू झाला की तो गळतो: गॅस्ट्रो (जठर) अधिक आयटिस, गॅस्ट्रायटिस. व्यंजन आलं की टिकतो: गॅस्ट्रोस्कोपी. दोन मूळ घटकांमध्ये मात्र पुढे स्वर असला तरी सहसा राहतो, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस (एन्टर म्हणजे आतडं). नवशिके इथेच अडखळतात.

कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, कोलॉस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर उघडतात. ही गल्लत फार महागात पडते. मायो स्नायू, मायेलो मज्जा. मूत्रपिंडाला ग्रीक नेफ्रो आणि लॅटिन रीनल, दोन्ही लागतात.