जमिनीवरून शिकार करताना बसायचं कशावर? एका फेरीचा वृत्तांत

हरणांच्या हंगामातल्या या फेरीला आम्ही तिघं गेलो होतो: दादा, वहिनी आणि मी. दादाच्या गुडघ्यांना आता झाडावरची चढ-उतर सोसत नाही, त्यामुळे मचाण बाद झालं. सगळी शिकार जमिनीवरूनच करायची ठरली आणि तयारीच्या गप्पा एरवीच्या रायफल-काडतुसांवरून थेट बसायच्या साधनांवर आल्या. शेवटी गाडीत चार प्रकारच्या बैठका टाकल्या: तीन पायांचा घडीचा स्टूल, बुटकी पाठवाली खुर्ची, फोमची घडीची गादी आणि झाडाच्या खोडाला पट्ट्याने अडकवायची टांगती बैठक. प्रत्येकाने प्रत्येकीवर निदान एकदा तरी खरोखरीच्या दब्याला बसायचं, असं ठरवूनच निघालो.

आधी एक स्पष्ट सांगतो. परवाना, हंगाम आणि ठरलेलं क्षेत्र हे तिन्ही असेल तरच शिकार. जिथे कायद्याने बंदी आहे तिथे नाहीच. तिथे कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांनाही पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल, कारण प्रश्न तोच आहे: जनावराच्या समोर, त्याच्याच पातळीवर, तासन्‌तास न हलता बसायचं कसं?

मचाणावरचा माणूस हरणाच्या नजरेच्या वर असतो. जमिनीवर तुम्ही थेट त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येता. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला आजूबाजूचं जवळजवळ ३०० अंशांतलं दिसतं. नारिंगी आणि लाल रंग त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही, म्हणून सुरक्षेचं नारिंगी जॅकेट घालून बसलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटतो. पण त्याच माणसाने बूड सरकवलं, पाय लांब केला, कंबर सरळ केली की हरणाची मान ताठ. त्यामुळे बैठक किती मऊ आहे हे मी दुय्यम मानतो. तासाभरानंतर तुम्ही किती चुळबुळता, यावर तिची किंमत ठरवायची. आराम हवा तो याचसाठी.

पहिल्या संध्याकाळी शेताच्या कडेला, गवताने झाकलेल्या बांधामागे बसलो. गवत कमरेच्या वर होतं, त्यामुळे फोमवर जमिनीलगत बसून पुढचं काहीच दिसेना. तिथे तिपाई स्टूल कामी आला. तीन पायांचा गुण असा की जमीन कितीही उंचसखल असो, तो डगमगत नाही. तीन टेकू कसेही टेकले तरी एका पातळीत येतातच. चार पायांच्या स्टूलाखाली मात्र दगड सरकवत बसावं लागतं. तिपाईचा धोका वेगळा आहे. एका बाजूला जास्त झुकलात, तर तोल त्या तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर जातो आणि स्टूल कलंडतो. हातात भरलेली रायफल असताना हे चालणार नाही. म्हणून बाजूला ठेवलेली दुर्बीण किंवा पाणी घ्यायला वाकावं लागणार नाही, अशी सगळी मांडणी बसण्याआधीच करून घ्या.

मऊ मातीत स्टूलाचे बारीक पाय हळूहळू रुततात, तेही एकसारखे नाही. दादाच्या वजनाने एक पाय चांगलाच खाली गेला आणि तो अर्धा वेळ तिरका बसून होता. पायांना खाली रुंद चकत्या असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. नसतील तर प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा सालीचा तुकडा ठेवा, पण तो बसायच्या आधी, उजेडात.

स्टूलाची खरी परीक्षा दुसऱ्या तासात सुरू होते. पाठीला काहीच आधार नाही, त्यामुळे कमरेचे स्नायू सतत राबत असतात. शिवाय कापडी बैठकीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते, तिथल्या नसांवर दाब येतो आणि पावलाला मुंग्या येतात. कड गोलसर आणि बैठक रुंद असेल तर हे पुष्कळ कमी होतं. पाय बधिर झाला असेल तर एकदम उठायचं नाही. आधी रायफल सुरक्षित टेकवायची, घोटा फिरवायचा, पायात जाणीव परत आली की मगच उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात, ओढ्याच्या वरच्या उतारावर जागा धरली. इथे मी फोमची गादी आणि झाडाचं खोड एवढ्यावरच बसलो, आणि या फेरीतली माझी सगळ्यात आवडती बैठक हीच. गादी जेमतेम पाव किलोची. उलगडायला क्षण लागतो, आवाज नाही, मोडण्यासारखं काही नाही. पण फोम कोणता आहे हे बघून घ्या. बंद छिद्रांचा फोम पाणी शोषत नाही आणि अंगाची ऊब जमिनीत जाऊ देत नाही. उघड्या छिद्रांचा स्पंजसारखा फोम हाताला जास्त मऊ लागतो, पण दवात भिजला की तो ओलं फडकं होतो आणि वजनाखाली चेपून शून्य होतो. झोपायच्या फोमच्या चटईचा तुकडा कापून तीन पदरी घडी केली तरी उत्तम काम होतं. हवा भरायच्या उशा हलक्या असतात, उबदारही असतात, पण एक काटा पुरतो. शिवाय चुळबूळ केली की त्यांच्या कापडाचा कुरकुर आवाज येतो.

थंडीत बसणाऱ्यांना वाटतं की गारठा वाऱ्याने लागतो. लागतोच, पण ओल्या थंड जमिनीवर टेकलेलं अंग त्याहून वेगाने ऊब गमावतं. कितीही जाड जॅकेट घाला, बुडाखाली भरणा चेपला गेला की त्याचा उपयोग संपतो. म्हणून खुर्ची असो की स्टूल, फोमचा एक तुकडा बरोबर असू द्याच. जाळीच्या खुर्चीवर तर तो हवाच, कारण खालून वारा लागतो.

झाड निवडताना ते आपल्या खांद्यांपेक्षा रुंद असावं. पाठीला टेकू मिळतो, आपली आकृती खोडात मिसळते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून काही प्रमाणात आडही मिळते. बसण्याआधी वर बघा. वाळलेली, लटकलेली फांदी असेल तर दुसरं झाड शोधा. खाली मुंग्यांचं वारूळ नाही ना, तेही पायाने पाचोळा बाजूला करून पाहा. पाचोळा असाही काढायचाच, म्हणजे नंतर बूट हलला तरी आवाज होत नाही.

उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याने जनावर जिकडून येईल असं वाटतं त्या दिशेला तोंड करून बसू नये. थोडं उजवीकडे वळून, डावा खांदा त्या दिशेला येईल असं बसावं. उजव्या खांद्यावर दस्ता ठेवून डावीकडे सहज वळता येतं. उजवीकडे वळायला अख्खं धड फिरवावं लागतं. डावखुऱ्यांनी उलट करावं. हे माहीत असणारेही खुर्ची मांडताना विसरतात, कारण खुर्चीला समोरची बाजू असते आणि आपण ती समोरच लावतो.

जमिनीलगत बसण्याचा आणखी एक फायदा नेमात दिसला. गुडघे वर येतात आणि दोन्ही कोपरं त्यांवर टेकतात. मात्र कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, ते घसरतं. दंडाचा मांसल भाग गुडघ्याच्या किंचित पुढे टेकवला की नळी शांत राहते. त्या सकाळी मला मिळालेली मादी मी अशीच टिपली, टेकूच्या काठ्या बाजूला तशाच पडून होत्या. स्टूलावर बसलात तर काठ्या हव्यातच, आणि त्यांची उंची बैठकीच्या उंचीशी आधी जुळवून घ्या. उभ्याने वापरायच्या काठ्या बसल्यावर निरुपयोगी ठरतात.

नेमाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट जोर देऊन सांगतो. मचाणावरून गोळी खाली जाते आणि बहुतेक वेळा जनावरामागच्या जमिनीतच शिरते. जमिनीवरून मारलेली गोळी जवळजवळ आडवी जाते. चुकली किंवा आरपार गेली तर ती कुठे थांबेल, याचं उत्तर बसायची जागा निवडतानाच हवं. समोर मातीचा उतार किंवा उंचवटा नसेल तर बैठक कितीही सुंदर असो, ती जागा सोडायची. आम्ही एक छान आडोशाची जागा एवढ्यासाठीच सोडली. तिथून हरणांची वाट अगदी समोर होती, पण वाटेपलीकडे मोकळं आभाळ होतं.

वहिनी धनुष्यवाल्या. त्यांचं गणित निराळं. फोमवर बसून धनुष्य ओढायला गेलं की खालचं टोक जमिनीला किंवा मांडीला अडतं. बुटक्या खुर्चीवरही तेच, वर खुर्चीचे हात कोपराला लागतात. त्यांनी सगळ्या बैठका वापरल्या आणि शेवटी स्टूलावर, छोट्या तंबूसारख्या लपणात स्थिरावल्या. "भावजी, मला मऊ नको, उंच हवं," असं त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं आणि शेवटपर्यंत मत बदललं नाही. धनुष्यासाठी बैठक गुडघ्याच्या उंचीच्या आसपास, म्हणजे साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर असावी, हात नसावेत, आणि जागीच फिरणारी असेल तर सोन्याहून पिवळं. फिरणारी बैठक मात्र फिरवून, कान लावून ऐका. बॉल बेअरिंगचा खरखराट लपणाच्या आत दुप्पट वाटतो.

लपणात बसत असाल तर खिडकीची उंची मोजून मगच बैठक ठरवा. खिडकी आणि डोळे जुळले नाहीत तर तासन्‌तास मान वाकडी करून बसावं लागतं. लपणात वजनाची चिंताही कमी, कारण तिथे बहुधा एकदाच सामान न्यायचं असतं.

मध्ये एक दिवस पावसाचा गेला. त्या दिवशी दादा बुटक्या पाठवाल्या खुर्चीत लपणाच्या दुसऱ्या खिडकीशी दिवसभर बसला, आणि पाठ टेकायला मिळाल्यावर माणूस किती कमी हलतो हे मी शेजारून पाहिलं. स्टूलावर तो दर काही मिनिटांनी कंबर सावरत असे. इथे फक्त डोळे फिरत होते. पण ही खुर्ची पाठीवर घेऊन चढ चढणं जिवावर येतं. तिचं वजन तीन-चार किलोंच्या घरात. गाडीपासून जवळची जागा, लपण, ठरलेली बैठक यासाठी ती उत्तम. जागा बदलत फिरणाऱ्यांनी तिचा मोह धरू नये. आणि उठणं. बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, त्यामुळे उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. दादाला दर वेळी हात द्यावा लागला.

टांगत्या बैठकीबद्दल थोडक्यात. सरळ, जिवंत, भक्कम झाड मिळालं तर ती फार आरामाची असते, उतारावरही समतोल राहते. पण झाड तुमच्या सोयीच्या जागी असेलच असं नाही, आणि अंधारात पट्टा बांधताना होणारा आवाज मला पटला नाही. वजनाची मर्यादा वाचताना अंगावरचे कपडे, बूट, खिशातलं सामान हे सगळं धरा.

आवाजाचा बंदोबस्त घरीच करून निघा. धातूचे पाय एकमेकांवर आपटतात तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळा. सांध्यांत कुरकुर असेल तर वासाचं तेल घालू नका, हरणाचं नाक तुमच्या तेलाच्या डबीपेक्षा पुढे आहे; मेण घासा. वेल्क्रो असेल तर तो काढून त्या जागी दोरी आणि लाकडी गुंडी शिवून घ्या. चकाकणारे नळकांडे आणि निळसर कापड टाळा. निळ्या छटा हरणाला आपल्यापेक्षा चांगल्या दिसतात.

नेताना बैठक पाठीवर अशी बांधा की दोन्ही हात मोकळे राहतील. ती नारिंगी जॅकेटची पाठ झाकत असेल तर बैठकीवरच नारिंगी फडकं बांधा. रायफल बसून स्थिर होईपर्यंत रिकामी, आणि उठायच्या आधी पुन्हा रिकामी. दोन्ही वेळी खुर्ची उघडताना किंवा मिटताना नळीकडे लक्ष राहत नाही, म्हणून हा नियम पाळाच. शिकार झाली तर परतीचं ओझं किती वाढतं, याचाही विचार निघताना करा. त्या सकाळी मादी ओढून आणताना माझ्याकडे नुसती गादी होती म्हणून दोघांत काम भागलं. खुर्ची असती तर ती आणायला वेगळी खेप करावी लागली असती.

आता पुढच्या फेरीसाठी वहिनींकडे चकत्यांचा स्टूल असेल आणि माझ्याकडे गादी. दादासाठी पाठ असलेली पण बैठक थोडी उंच, निदान ३० सेंटिमीटर असलेली खुर्ची शोधतो आहोत. तुम्हीही शोधत असाल तर दुकानात नुसतं बसून बघू नका. शिकारीचे जाड कपडे आणि बूट घालून जा, अर्धा तास बसा, दोन्ही बाजूंना खांदा वळवून पाहा, आणि मग हातांचा आधार न घेता उठून बघा.