मूल कुणाच्या हाती द्यायचं

१८ ऑगस्ट २०२५. सोमवार. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस असल्यामुळे पाऊस कोसळत असूनही हजेरी चांगली होती. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत प्राथमिक विभागाची पर्यवेक्षिका आहे. आमच्याकडे प्राथमिकचे वर्ग सकाळी भरतात, माध्यमिकचे दुपारी. इमारत एकच, फाटक एकच.

सकाळचे वर्ग चालू असतानाच महापालिकेने दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर केली. हवामान खात्याचा रेड अलर्ट होता, निर्णय योग्यच होता. पण सुट्टी मिळाली ती घरून निघण्याच्या बेतात असलेल्या मुलांना, आणि आमच्या ताब्यात होती ती सकाळची, पहिली ते चौथीची. बातमी एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली तेव्हा तिच्यात 'शाळांना सुट्टी' एवढंच उरलं होतं. थोड्याच वेळात फाटकावर छत्र्यांची गर्दी. 'मुलं सोडली म्हणे, मग आमचं कुठंय?' असं विचारणारे पालक, आणि त्यांच्यामागे व्हॅनवाले, ज्यांना पाणी आणखी चढण्याआधी एक फेरी मारून मोकळं व्हायचं होतं.

पालक उगाच घाबरतात असं आमच्या शिक्षकखोलीत सर्रास बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. आज ज्यांची मुलं आमच्याकडे आहेत, त्यातले कितीतरी जण २६ जुलै २००५ला स्वतः शाळकरी होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या असंख्य मुलांनी रात्र शाळेत काढली. त्यांच्या आईबापांना सकाळपर्यंत काहीही कळलं नव्हतं. तेव्हाची ती मुलं आज फाटकाशी उभी राहून ओरडत असतील, तर ती पावसाला घाबरून नाही, निरोप न मिळण्याला घाबरून ओरडतात.

प्रत्येक शाळेत आपत्ती व्यवस्थापन आराखड्याची फाईल असते. आमच्याही कपाटात आहे. तिच्यात आगीची रंगीत तालीम आहे, बाहेर पडण्याचे बाण आहेत, समितीच्या सदस्यांच्या सह्या आहेत. पालकांबद्दल एकच ओळ: 'पालकांना तात्काळ कळवावे.' कुणी, कशाने, कोणत्या नंबरवर, काय कळवावं, याचा पत्ता नाही. तालीमही नेहमी मैदानात जमण्याची. पुरात मैदान हीच सगळ्यात वाईट जागा. आम्ही उलट केलं. तळमजल्यावरचे वर्ग पहिल्या मजल्यावर नेले, शिपाईमामांनी तळमजल्याचा मेन स्विच पाडला आणि मावश्यांनी जिन्याचं तोंड धरलं. दुपारच्या सत्रासाठी पोषण आहाराची खिचडी येऊन पडली होती, ती मुलांना वाढली. पोट भरलेलं मूल रडत कमी बसतं, हे या कामात फार लवकर कळतं.

निरोप मी स्वतः लिहिला आणि सगळ्या वर्गशिक्षकांना बजावलं की हाच पाठवा, आपल्या शब्दांत काही घालू नका. 'दुपारच्या सत्राला सुट्टी आहे, मुलांना घराबाहेर काढू नका. सकाळच्या सत्राची सर्व मुले पहिल्या मजल्यावर, शिक्षकांसोबत सुरक्षित आहेत. त्यांनी खाल्ले आहे. पाण्यातून धावत येऊ नका, शेवटचे मूल जाईपर्यंत शाळा उघडी राहील. नेण्यासाठी ओळखपत्रावर नाव असलेली व्यक्तीच यावी. पुढचा निरोप साडेबारा वाजता.' यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढचा निरोप केव्हा हे माहीत असलं की माणूस तेवढा वेळ थांबतो. मात्र साडेबाराला निरोप गेलाच पाहिजे, नवीन काहीही नसलं तरी. 'स्थिती तीच आहे, पुढचा निरोप एक वाजता' एवढा का होईना. आमच्या मुख्याध्यापकांना हे निरर्थक वाटत होतं. दुसऱ्या निरोपानंतर कार्यालयातला फोन वाजायचा जवळजवळ थांबला, ते त्यांनी स्वतः पाहिलं.

फाटकावर आमची पद्धत सोपी आहे. पालकाला आत सोडायचं नाही. ओळखपत्र बघून नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी वर जाते, मूल खाली येतं, मुलाला 'हे कोण?' विचारायचं, मग वहीत वेळ, नातं आणि सही. प्रत्येक मुलामागे दोन-तीन मिनिटं जातात. छत्रीखाली भिजणाऱ्या माणसाला तो तास वाटतो हे मला कळतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर सुरक्षेसाठी शाळांकडून काय काय अपेक्षा केल्या गेल्या. मग त्याच शाळेने वही बंद करून मुलं भराभर बाहेर सोडावीत असं पावसात कुणी म्हणू नये.

आणि तरीही मी अडकले ती याच वहीपाशी.

रुळांच्या पलीकडच्या एका चाळीतले एक गृहस्थ आले. गुडघाभर पाण्यातून, चांगला वळसा घेऊन. म्हणाले, "बाई, आमच्या चाळीतली चारही पोरं द्या, मी नेतो. आता तो रस्ता चालण्यासारखा आहे, तासाभराने नसेल." चौघांपैकी एक त्यांचीच मुलगी. दोघांच्या घरी फोन लागला, आयांनी होकार दिला, मी आवाज ऐकून नोंद केली. चौथा तिसरीतला मुलगा. आई रुग्णालयात आया, कामावर असताना फोन लॉकरमध्ये. वडिलांचा म्हणून पटावर असलेला नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. सिम कधीच बदललेलं. वर्गाच्या ग्रुपवर त्याच चाळीतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'चौघांना काकांबरोबर पाठवा.' पण त्या त्याच्या कुणी नव्हत्या.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पाठवा ना बाई, मुलगा त्यांना ओळखतो." ओळखत होता. तो तर चप्पल घालून उभाच होता. गृहस्थही भलेच होते, दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाण्यात उतरले होते. मी नाही म्हटलं. तिघं गेली, तो जिन्यात बसून रडला. मावशींनी त्याला खिचडी पुन्हा दिली, ती त्याने खाल्ली नाही.

आई पाचच्या सुमारास आली, कमरेपर्यंत भिजलेली. सही करताना म्हणाली, "सगळी पोरं दुपारीच घरी पोचली. माझाच तेवढा इथं. आम्ही गरीब म्हणून का?" मी नियम सांगितला. तिने ऐकूनही घेतला नाही. मुलाचा हात धरून ती त्याच पाण्यातून परत गेली, आणि तोवर पाणी दुपारपेक्षा जास्त होतं. चाळीचा रस्ता दुपारी खरंच चालण्यासारखा होता. माझ्या 'नाही'मुळे तो मुलगा अधिक धोक्याच्या वेळी बाहेर पडला. त्या माहितीवर मी आजही तोच निर्णय घेईन, आणि तरी हा हिशेब जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्याच शाळा बंद होत्या. घरी बसून मी पटावरचे नंबर लावत गेले. किती नंबर मेलेले होते ते बघून संताप आला. जूनमध्ये फॉर्म भरून घेताना आपण नंबर लिहून घेतो, ऑनलाइन भरतो, पण तो एकदाही लावून बघत नाही. आता दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षक प्रत्येक नंबर लावतात, आणि ओळखपत्राच्या मागे शेजाऱ्याच्या नावासाठी एक ओळ आहे, पालकाच्या सहीसह. ज्यांचे फोन कामाच्या ठिकाणी बंद असतात त्यांच्याकडून तिथल्या लँडलाइनचा किंवा मुकादमाचा नंबर घेतो. त्या मुलाच्या आईने दिवाळीनंतर येऊन त्याच काकांचं नाव लिहिलं. माझ्याशी बोलली नाही.

वर्गशिक्षिकांचं म्हणणं अजून तेच आहे: पाणी वाढत असताना मुलाने ओळखलेला, सगळ्या चाळीने ओळखलेला माणूस पुरेसा धरावा, आणि तसं आराखड्यात लिहावं. मी म्हणते, असं एकदा लिहिलं की पाऊस नसतानाही कुणीतरी त्या ओळीवर बोट ठेवेल. पुढच्या पालकसभेत हा विषय आम्ही दोघी मिळून मांडणार आहोत, दोन्ही बाजूंनी.