लोकवर्गणीतून संशोधन: पैसे मागण्याआधी

‘संशोधनाला मदत करा’ एवढ्यावर कोणी खिशात हात घालत नाही. प्रश्न एकच ठेवा, चार-सहा महिन्यांत उत्तर निघेल असा.

हिशेबात घोळ होतो तो कपातीचा. हातात १०० हवेत आणि वर्गणी गोळा करणारा ऑनलाइन मंच व पेमेंट यांचं शुल्क मिळून १० टक्के कापलं जात असेल, तर ११० मागून भागत नाही. पदरात ९९च पडतात. १०० ला ०.९ने भागा, १११.११ येतात, म्हणजे ११२ मागा. पण आकडा उगाच फुगवूही नका. संशोधनासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या एक्सपेरिमेंटसारख्या मंचावर लक्ष्य गाठलं नाही तर छदामही मिळत नाही.

संशोधनाचा आराखडा डेटा गोळा करण्याआधीच ओएसएफवर (ओपन सायन्स फ्रेमवर्क, असे आराखडे तारखेसह नोंदवून ठेवणारं संकेतस्थळ) नोंदवा. मग आकडे पाहून गृहीतक बदललं, असं कोणी म्हणू शकत नाही. कच्चा डेटा झेनोडो या संशोधनाचा डेटा साठवणाऱ्या खुल्या संकेतस्थळावर टाका. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा फुकट, वर डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठी कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवा, जुनी राहू द्या. सहभागींची नावं-पत्ते मात्र आधीच काढा. दुर्मीळ प्रजातींची नेमकी ठिकाणं तर नकोतच. तस्करांना आयता नकाशा मिळतो!

महिन्याला एक अपडेट पुरे. नमुने खराब झाले, यंत्र बंद पडलं, तेही त्यात लिहा, आणि उरलेल्या पैशांचं काय करणार तेसुद्धा.