तुम्ही विचारलंत म्हणून: हॉर्नसाठी एट्यूडचं (म्हणजे सरावासाठी लिहिलेल्या छोट्या रचनांचं) पुस्तक कुठलं घेऊ?

फ्रेंच हॉर्न हे पितळी फुंकवाद्य हातात घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याची नजर बहुतेक वेळा पुस्तकातल्या सगळ्यात वरच्या सुरावर असते: 'हा मला लागेल का?' मी उलट विचारते, पुस्तकात विराम किती आहेत ते पाहिलंत का?

ऑर्केस्ट्रात हॉर्नवाला चार बार (तालाची चार घरं) वाजवतो आणि पुढचे वीस मोजत बसतो. एट्यूडमध्ये पान सुरू झालं की संपेपर्यंत माउथपीस ओठांवरून हलत नाही. एक विद्यार्थी हौसेनं गाले यांचे कॅप्रिस, म्हणजे अवघड एट्यूड्स, घेऊन आला होता. पहिल्या दोन ओळी सुरेख वाजल्या. तिसऱ्या ओळीत तोंडाचे कोपरे सैल पडले, माउथपीस ओठांत रुतायला लागला, आवाज चिरका झाला आणि चौथीत नुसती हवा. "माझी रेंजच कमी आहे," तो म्हणाला. रेंजला काही झालं नव्हतं, ओठ दमले होते. आम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं फुली मारली: इथे हॉर्न मांडीवर, चार मोजा, मग पुढे. तेच पान शेवटपर्यंत वाजलं. फुल्या पुढे एकेक करून खोडल्या.

म्हणजे पुस्तक चुकीचं नव्हतं, फक्त लवकर आलं होतं. त्याच्या आधी कोप्राश यांचं पुस्तक हवं. 1830च्या दशकाच्या सुरुवातीचे हे 60 एट्यूड्स आजही जगभर वाजवले जातात. रूक्ष आहेत, हे मीही मान्य करते. स्केल, आर्पेजिओ (सुरांच्या एकामागोमाग उड्या), टंगिंग (जिभेनं सूर तोडणं), स्लर (सूर जोडून घेणं), पुन्हा स्केल. पण मुळात खालच्या हॉर्नसाठी, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या वादकासाठी, लिहिलेले असल्यामुळे ते मधल्या आणि खालच्या पट्टीत भरपूर राबवून घेतात. तिकडे आपण एरवी ढुंकूनही पाहत नाही.

कोप्राशचा खरा उपयोग मात्र ट्रान्सपोझिशनला, म्हणजे कागदावरचा सूर वाचता वाचता दुसऱ्या सुरात बदलून वाजवायला. जुन्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते. नळीचा जोड बदलून सूर बदलायचा, म्हणून बेथोव्हेनच्या काळातले पार्ट्स 'हॉर्न इन डी', 'हॉर्न इन ई फ्लॅट' असे येतात. आपल्या हातात एफ हॉर्न. पार्ट डी-तला असेल तर कागदावर सी दिसतो आणि बोटांनी ए वाजवायचा, ई फ्लॅटमधला असेल तर बी फ्लॅट. हे डोक्यात गणित करून जमत नाही, डोळ्यांना सवय व्हावी लागते. माझ्या प्रतीत प्रत्येक एट्यूडच्या वर एफ, ई, ई फ्लॅट, डी, सी अशी अक्षरं लिहिलेली आहेत आणि जे जमलं त्याला गोल. डी-च्या गोलापर्यंत पोचायला मला फार वेळ लागला. एका पुस्तकात पाच पुस्तकं निघतात, ती अशी.

कोप्राश गायला मात्र शिकवत नाही. त्यासाठी दुसरं पुस्तक लागतं, आणि ते त्याच आठवड्यात सुरू करावं, कोप्राश 'संपल्यावर' नव्हे. कोन्कोने यांचे गळ्यासाठी लिहिलेले सुरेल स्वराभ्यास हॉर्नवर छान बसतात. जरा तयारी झाली की गाले यांचे प्रिल्यूड्स घ्या. गाले स्वतः बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नचे वादक. त्यांच्या काही प्रिल्यूड्सना बार-रेषाच नाहीत, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा आणि सूर किती ताणायचा ते तुम्ही ठरवायचं. वाजवण्याआधी ओळ गाऊन बघा. हा सल्ला ऐकून सगळे हसतात. पण स्टाफच्या (पाच ओळींच्या) आतल्या, तिसऱ्या घरातल्या सी-पासून वर एकाच बोटांवर सूर जेमतेम एकेका स्वराच्या अंतरानं उभे असतात. कानात सूर आधी नसेल तर ओठ शेजारच्याचं दार वाजवतो.

पायरीपायरीनं जायला आवडत असेल तर माक्सीम-आल्फोन्स यांची पुस्तकं. 200 एट्यूड्स, सहा भाग: पहिल्यात 70 सोपे, सहाव्यात फक्त 10. पुढे काय वाढून ठेवलंय ते या आकड्यांवरूनच कळतं. व्हर्न रेनॉल्ड्स यांचे 48 एट्यूड्स उत्तम, पण त्यातल्या उड्या ओळखीच्या स्केलमधल्या नाहीत. कोप्राश दोन-तीन ट्रान्सपोझिशनमध्ये सहज होईपर्यंत ते कपाटात राहू द्या.

आणि जुनी आवृत्ती हाती लागली तर बास क्लेफमधल्या (खालच्या सुरांसाठीच्या खुणेच्या) ओळी नीट बघा. जुन्या पद्धतीत त्या आजच्यापेक्षा एक ऑक्टेव्ह (एक सप्तक) खाली लिहीत. सूर अशक्य खाली दिसतोय, नळीतून नुसती घरघर येतेय, असं झालं तर स्वतःला दोष देण्याआधी एक ऑक्टेव्ह वर वाजवून बघा.